वायद्यातला सौदा : वाढवावा केव्हा, कमी करावा केव्हा

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस वायदेबाजारावर काय बोलणार, असं काही जणांच्या मनात आलं असेल. निवृत्तीनंतर काही वर्षं मी सोन्याच्या वायद्यात सौदे केले आणि फंडाच्या पैशातला चांगला मोठा भाग घालवला. सोन्याचा अंदाज चुकला म्हणून नव्हे. अंदाज सगळ्यांचेच चुकतात. हातातला सौदा वाढवावा केव्हा आणि कमी करावा केव्हा, हे मला कळत नव्हतं. आजचा विषय तेवढाच.

आधी मोजमाप बघू. एमसीएक्सवर सोन्याचा भाव १० ग्रॅमचा बोलतात. मोठा लॉट १ किलोचा, मिनी लॉट १०० ग्रॅमचा. म्हणजे भाव १०० रुपयांनी हलला की मिनीच्या एका लॉटमागे १,००० रुपयांचा फरक पडतो, मोठ्या लॉटमागे १०,००० रुपयांचा. एकच मोठा लॉट घेणाऱ्याला टप्पे पाडता येत नाहीत. एक तर तो आत, नाही तर बाहेर. टप्प्याटप्प्याने काम करायचं तर लॉट लहान हवेत.

आता माझी चूक. आकडे सोपे करून सांगतो. ६०,००० ला एक मिनी लॉट घेतला. भाव ५९,५०० झाला, आणखी एक घेतला. ५९,००० झाला, आणखी दोन घेतले. याला आपण ‘अ‍ॅव्हरेज करणं’ म्हणतो. सरासरी आली ५९,३७५. मनाला बरं वाटलं, कारण आता भाव थोडा वर आला की सुटलो! पण भाव ५८,००० ला गेला. एका लॉटवर २०,००० रुपयांचा तोटा झाला असता, तो चार लॉटवर ५५,००० झाला. सरासरी खाली आली होती हे खरं. पण त्याचबरोबर ओझं चौपट झालं होतं, हे मी बघितलंच नाही.

कुणी म्हणेल, शेअर पडल्यावर आम्ही घेतोच की. घ्या. पूर्ण पैसे देऊन घेतलेला शेअर तुम्ही दहा वर्षं ठेवू शकता. वायद्यात मात्र थोडं मार्जिन भरून मोठा माल धरलेला असतो, तोटा रोजच्या रोज खात्यातून वळता होतो आणि वायद्याला मुदत असते. तुमचं म्हणणं शेवटी बरोबर ठरेलही, पण तोवर तुम्ही बाजारात उरला पाहिजेत ना?

याचं मोठं उदाहरण १९९५ चं आहे. बेअरिंग्ज ही १७६२ साली स्थापन झालेली ब्रिटिश बँक. तिचा सिंगापूरमधला निक लीसन जपानच्या निक्केई निर्देशांकाच्या वायद्यात तेजी धरून बसला होता. १७ जानेवारीला कोबेचा भूकंप झाला, निर्देशांक घसरला, आणि त्याने खरेदी आणखी वाढवली. फेब्रुवारी संपायच्या आत बँक बुडाली. तोटा सुमारे ८२.७ कोटी पौंडांचा.

मग वाढवायचं कसं? बाजाराने आपलं म्हणणं थोडं तरी खरं केल्यावर, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी. समजा ६०,००० ला ४ लॉट, ६१,००० ला २, ६२,००० ला १. सात लॉटची सरासरी साधारण ६०,५७१. आता क्रम उलटा करा : आधी १, मग २, मग ४. सरासरी ६१,४२९. दोघांचेही सात लॉट, भावही तेच. पण ६२,००० वरून भाव ६०० रुपयांनी उतरला की दुसरा तोट्यात जातो. पहिल्याला १,४०० रुपयांची उसंत आहे. म्हणून पाया रुंद, शिखर निमुळतं. मंदीचा सौदा असेल तर हेच उलट्या दिशेने.

प्रत्येक नव्या लॉटबरोबर सगळ्या सौद्याचा स्टॉप लॉसही वर सरकवायचा. मात्र रात्रीतून काही घडलं आणि बाजार सकाळी एकदम खाली उघडला, तर स्टॉपच्या भावाला सौदा कापला जाईलच असं नाही. एकूण लॉट ठरवताना ही शक्यता धरूनच चालायचं.

बाहेर पडण्याचं काय? अर्धे लॉट विकून नफा पदरात पाडावा आणि उरलेले ठेवावेत, हा रिवाज चांगला आहे. त्याने झोप लागते. पण त्याने नफा वाढतो असं समजू नका. मोठी तेजी आली तर अर्धाच माल हातात असतो, आणि प्रत्येक तुकड्याला दलाली लागते. खरी गोम पुढेच आहे. आपण नफ्यातला सौदा तुकड्या-तुकड्याने विकतो आणि तोट्यातला अख्खा सांभाळून ठेवतो. नफा विकला की आपण शहाणे ठरतो, तोटा विकला की चुकलो हे कबूल करावं लागतं. म्हणून तोट्यात टप्पे नकोत. ठरलेला भाव आला की सगळं बाहेर.

कार्ल पॉपर म्हणत असे, काय घडलं तर मी खोटा ठरेन हे जो सिद्धांत सांगू शकत नाही, तो विज्ञानाचा नव्हे. सौदाही तसाच. घेण्याआधी वहीत तीन भाव लिहा : कुठे वाढवणार, कुठे कमी करणार, कुठे चूक मान्य करणार. आणि लॉट वाढवताना स्वतःला विचारा, हातात काहीच नसतं तर या भावाला मी आज घेतलं असतं का? उत्तर नाही असेल, तर तुम्ही सोनं घेत नाही आहात, जुनी चूक झाकताय.

सेबीच्या २०२४ च्या पाहणीत, २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअरबाजाराच्या वायदे-ऑप्शन्समधले ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात निघाले. तेव्हा माझ्या वयाच्या मंडळींना एकच सांगतो : फंडाचा पैसा इथे आणू नका. तरुणांनी यायचंच ठरवलं असेल तर एका मिनी लॉटने या, आणि आधी ती वही घ्या. माझी वही मी फार उशिरा आणली.