तिथी नसलेला उत्सव

आज ९ नोव्हेंबर. अंबाबाईच्या देवळात संध्याकाळी पाचपासूनच माना महाद्वाराकडे वळलेल्या असतील. उद्याची बातमी काय असेल, हे कुणीही कोल्हापूरकर आजच सांगून टाकेल: एक तर ‘किरणे अमुक ठिकाणापर्यंत पोहोचली’, नाहीतर ‘ढगांचा अडथळा’. मावळत्या सूर्याची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडण्याचा हा किरणोत्सव, त्याबद्दल आणखी सांगत बसण्यात अर्थ नाही. मला खुणावतात त्या त्याच्या तारखा.

९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. देवीचं बाकी सगळं वर्ष पंचांगावर चालतं. नवरात्र, ललिता पंचमीला त्र्यंबोलीची भेट, चैत्रातला रथोत्सव, सगळ्यांना तिथी आहे. पंचगंगेच्या घाटावर पणत्या लावणारी त्रिपुरारी पौर्णिमा २०२५ मध्ये ५ नोव्हेंबरला झाली, २०२४ मध्ये ती १५ तारखेला होती. किरणोत्सव मात्र जागचा हलत नाही. तिथी नसलेला, चक्क इंग्रजी तारखेनं येणारा हा देवीचा पाहुणा.

संक्रांतही तारखेनंच येते की, असं कुणी म्हणेल. ती येते, पण सरकत सरकत. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आज आपण तिळगूळ १४ किंवा १५ तारखेला वाटतो. आपली संक्रांत ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजली जाते, त्यामुळे साधारण ७२ वर्षांत ती एक दिवस पुढे जाते. किरणोत्सवाला ताऱ्यांशी देणंघेणं नाही. सूर्य क्षितिजावर कुठे मावळतो, एवढाच त्याचा प्रश्न. इंग्रजी कॅलेंडर ऋतूंशी, म्हणजे सूर्याच्या याच उत्तर-दक्षिण फेरीशी बांधलेलं असल्यामुळे दोघांचं जमतं.

वर्षातून दोनदा का, याचं उत्तर पन्हाळ्याच्या एसटीत आहे. जाताना वाघबीळ लागतं, येतानाही लागतं. सूर्य दक्षिणेला सरकत २१ डिसेंबरच्या सुमारास टोक गाठतो आणि मागे फिरतो. त्या टोकाच्या साधारण बेचाळीस दिवस आधी नोव्हेंबरचा किरणोत्सव, तेवढ्याच दिवसांनी फेब्रुवारीचा. दोन्ही वेळी कोल्हापुरात सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो आणि देवळाचं तोंड त्याच अंगाला आहे. ते बरोबर पश्चिमेला असतं, तर हीच गर्दी मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांना झाली असती.

मग किरणांचा प्रवास. महाद्वार, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन (मूर्तीसमोरचा कठडा) आणि मग मूर्ती: चरण, गुडघे, कंबर, खांदे, मुख. सूर्य वर असताना उजेड अलीकडेच जमिनीवर पडतो. तो उतरेल तसतशी किरणं आडवी होतात, आत शिरतात आणि मूर्तीवर चढू लागतात. पण मावळता सूर्य आपल्याकडे सरळ खाली जात नाही. तीन अंश उतरताना तो एक अंश उत्तरेकडे सरकतो. म्हणून वर चढणारी तिरीप त्याच वेळी देवीच्या डाव्या हाताला झुकत जाते. झुकायच्या आत किती चढायचं, अशी ती शर्यत असते. सूर्य एक अंश उतरायला चार-साडेचार मिनिटं लागतात, म्हणजे सगळा खेळ मिनिटांचा.

आता माझी शंका. परंपरा सांगते, पहिल्या दिवशी किरणं चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. नोव्हेंबरला हे चोख बसतं. सूर्य रोज पाव अंशाहून थोडा जास्त दक्षिणेला जातो, त्यामुळे तो देवळाच्या रेषेत रोज थोडा उशिरा, थोडा खाली येतो आणि किरणं रोज थोडी वर पोहोचतात. पण फेब्रुवारीत सूर्य परतीच्या वाटेवर असतो. ११ नोव्हेंबरचा जोडीदार ३१ जानेवारी ठरतो आणि ९ नोव्हेंबरचा २ फेब्रुवारी. म्हणजे हिशेबानं तेव्हा क्रम उलटा हवा: आधी मुख, मग चरण. सांगितला मात्र दोन्ही वेळा एकच क्रम जातो. चरणांपासून मुखापर्यंत चढणारा क्रम भक्तीला शोभतो, यात वाद नाही. आकाशाला तो ठाऊक असेलच असं नाही.

हा खोडसाळपणा नव्हे. ‘प्राचीन विज्ञानाचा चमत्कार’ हे शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की प्रत्यक्ष बघायचं राहूनच जातं. कोल्हापुरात बघणारेही आहेत, हे बरं. लक्समीटर घेऊन उंबऱ्या-उंबऱ्यावर उजेड मोजणारे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक मला या उत्सवाचे खरे मानकरी वाटतात. त्यांच्यामुळे चर्चा श्रद्धेवरून अडथळ्यांवर आली. क्षितिजाला टेकलेल्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्यापेक्षा तीसपटीहून अधिक हवा पार करून येतो. त्या हवेत बाष्प, धूळ, धूर मिसळला की किरण पोहोचतो, पण तेज वाटेतच गळतं. त्यात महाद्वाराच्या पश्चिमेला कुणाचा मजला, कुणाची पाण्याची टाकी, कुणाचा फलक. शेवटच्या दोन अंशांची शर्यत असताना एक टाकीसुद्धा पुरेशी होते. मूर्तीची पुनर्स्थापना १७१५ सालची. तेव्हापासून सूर्याची वाट नाव घ्यावं इतकीही बदललेली नाही. बदललं ते आपलं शहर.

आज-उद्या निघणाऱ्यांसाठी थोडं. सकाळ पन्हाळ्याला द्या. जुलै २०२५ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. दुपारी टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडन पाहा. पंचगंगेकाठी ग्रीक समुद्रदेव, हे आश्चर्य किरणोत्सवाहून कमी नाही आणि तिथे रांगही नसते. तांबडा-पांढरा रस्सा रात्रीसाठी ठेवा. पाचच्या आत देवळात हवंच. आत जागा मिळाली नाही तर पडद्यावर पाहा, त्यात कमीपणा नाही.

आणि हे साधलं नाही तर ३१ जानेवारी आहेच. मात्र तेव्हा घड्याळ अर्धा तास पुढे धरा. सूर्य त्याच जागी मावळतो, पण घड्याळाच्या मध्यान्हाशी त्याची मध्यान्ह वर्षभर जुळत नाही, म्हणून नोव्हेंबरला सहाच्या आत आटोपणारा सूर्यास्त तेव्हा साडेसहाला होतो. त्या दिवशी नमस्कार करून झाला की डोळे मिटू नका. पहिल्याच संध्याकाळी किरणं कुठवर चढतात, ते नीट पाहा आणि मला कळवा.