आठ औंस दूध

आठ औंस म्हणजे साधारण सव्वादोनशे मिलिलिटर, घरातला एक पेला. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या व्हँकूव्हर बेटावर पोर्ट अल्बर्नी नावाचं गाव आहे. तिथल्या निवासी शाळेत आदिवासी मुलांच्या वाट्याला दिवसाला एवढंच दूध येई. हे कमी आहे, शिफारशीच्या निम्मंसुद्धा नाही, हे ओटावाहून तपासणीला आलेल्या पोषणतज्ज्ञांना कळलं. मग त्यांनी ते वाढवलं का? दोन वर्षं नाही. पुढे दूध तिप्पट केल्यावर काय फरक पडतो ते मोजायचं होतं आणि त्यासाठी आधीची 'मूळ पातळी' हातात हवी होती. तोवर मुलं एका पेल्यावर राहिली.

१९४८ ते १९५२ या काळात अशा सहा शाळांत मिळून सुमारे हजार मुलांवर हे प्रयोग चालले. नोव्हा स्कोशियातल्या शुबेनाकडी शाळेत निम्म्या मुलांना क जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना दिसायला तशाच, पण पोकळ. केनोराच्या सेंट मेरीज शाळेत जीवनसत्त्वं मिसळलेलं खास पीठ आलं. अन्नभेसळीच्या कायद्यामुळे ते बाजारात विकायला बंदी होती, मुलांना खायला घालायला मात्र नव्हती. त्या पिठाने मुलांमधला रक्तक्षय कमी होण्याऐवजी वाढला. काही ठिकाणी दातांचे उपचारही थांबवले, कारण हिरड्यांची अवस्था हे पोषण मोजायचं साधन होतं आणि उपचार केले तर आकडे बिघडले असते. आईवडिलांना कोणी विचारलं नाही. मुलांना तर नाहीच.

या प्रयोगांचे सूत्रधार डॉ. लायोनेल पेट. कॅनडातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर पुढे जो 'काय खावं' चा तक्ता लागला, त्याची १९४२ ची पहिली आवृत्ती मुख्यतः त्यांचीच. देशाने रोज किती दूध प्यावं हे ज्यांनी ठरवलं, त्यांनीच अल्बर्नीतला पेला दोन वर्षं भरू दिला नाही. हा माणूस क्रूर होता असं मात्र कागदपत्रं वाचून वाटत नाही. शाळांना दर मुलामागे मिळणारं अनुदान समतोल आहाराला लागणाऱ्या पैशाच्या जेमतेम निम्मं असतं, हे त्यांच्या खात्याने स्वतःच नोंदवलं होतं. उपाय त्या नोंदीतच होता: अनुदान दुप्पट करा. पण तो पोषणशास्त्राच्या कक्षेत बसत नव्हता.

हे सगळं उजेडात आलं ते जुलै २०१३ मध्ये, इयन मॉस्बी या तरुण इतिहासकाराच्या शोधनिबंधामुळे. मी तेव्हा विनिपेगमध्ये नवीन होते. अमरावतीत वाढलेल्या माणसाला 'कुपोषण' म्हटलं की मेळघाट आठवतो. १९९३ च्या पावसाळ्यातल्या कोरकू बालमृत्यूंच्या बातम्या आणि त्यावर सरकारी बाजूचं ठरलेलं उत्तर: मूल भुकेने नाही, न्यूमोनियाने गेलं, हगवणीने गेलं. मृत्यूच्या दाखल्यावर भूक कधी लिहिलेली नसते. दूधलोण्याच्या या देशात तोच विषय वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मॉस्बीने सुरुवात केली आहे ती शाळांपासून नव्हे, माझ्या शहरापासून साडेचारशे किलोमीटर उत्तरेला असलेल्या नॉर्वे हाऊसपासून. १९४२ मध्ये तिथे आणि क्रॉस लेकसारख्या आसपासच्या, क्री आदिवासींच्या वस्त्यांमध्ये डॉक्टरांची एक तुकडी विमानाने उतरली. आदिवासींचा कारभार पाहणाऱ्या इंडियन अफेअर्स खात्याचे वैद्यकीय प्रमुख पर्सी मूर त्यात होते. बाळांच्या 'पॅब्लम' या खाण्याचे एक जनक, टोरोंटोचे डॉ. फ्रेडरिक टिस्डॉल हेही होते. त्यांना दिसलं ते असं: माणसांना दिवसाला पंधराशेहून कमी कॅलरी मिळतात, आणि क्षयाने मरणाऱ्यांचं प्रमाण लाखामागे सुमारे १,४०० आहे. मॅनिटोबा प्रांतातल्या इतर लोकांत ते २७ होतं.

कारणही त्यांनीच लिहून ठेवलं. फरचा धंदा बसला होता आणि मंदीत सरकारी मदत आटली होती. हडसन्स बे कंपनीच्या दुकानातून हंगामाआधी उधारीवर पीठ, चहा, काडतुसं उचलायची आणि हिवाळ्यात सापळ्यात सापडलेल्या कातड्यांनी ती फेडायची, असा इथला जुना व्यवहार. आपल्याकडच्या खावटीसारखाच. कातड्यांचा भाव किंवा जनावरं, दोन्हींपैकी एक गेलं की पुढची उधारी बंद. वस्तीच्या प्रमुखांच्या मागण्या साध्या होत्या: म्हाताऱ्यांचा आणि निराधारांचा शिधा वाढवा, आमच्या रानात सापळे लावायला येणाऱ्या गोऱ्यांना आवरा. मूर-टिस्डॉल यांनी काय केलं? कुपोषित अशा ३०० जणांपैकी १२५ जणांना जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. बाकीचे तुलनेसाठी ठेवले.

हे वाचताना मला ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल आठवले. १८७६ च्या दुष्काळात दख्खनमधल्या खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर काही पैसे पुरतात, असं त्यांनी ठरवलं. मद्रासचे डॉ. कॉर्निश ओरडून सांगत होते की एवढ्यावर कष्ट करणारं शरीर टिकत नाही. पुण्याची सार्वजनिक सभा अर्जावर अर्ज करत होती. टेंपलसाहेबांनाही आपण शास्त्रीय प्रयोगच करतो आहोत असं वाटत होतं. आणि त्याच १८७६ च्या ऑगस्टमध्ये, त्याच व्हिक्टोरिया राणीच्या नावाने, कॅनडाच्या गवताळ पठारावर फोर्ट कार्लटनला सहाव्या क्रमांकाचा तह झाला. दुष्काळ किंवा साथ आली तर राणी मदत करील, हे कलम क्री प्रमुखांनी त्यात मागून घेतलं होतं. तीनच वर्षांत कॅनडाच्या पठारावरचा बायसन संपला. मग कलम निघालं, पण हत्यार म्हणून. शिधा गोदामात होता, मिळायचा तो नेमून दिलेल्या राखीव जागेवर गेलं तरच. 'बिग बेअर' म्हणजे मोठं अस्वल या नावाच्या क्री प्रमुखाने सहा वर्षं सही नाकारली. डिसेंबर १८८२ मध्ये लोक उपाशी मरू लागले तेव्हा त्याने ती केली. पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांनी त्याच वर्षी संसदेत खर्चकपातीची कैफियत दिली: उपासमारीच्या कडेला पोचेपर्यंत आपण अन्न देत नाही. विरोधी पक्षाचा आक्षेप होता की तेवढाही खर्च जास्तच आहे.

युनिसेफने १९९० मध्ये कुपोषणाच्या कारणांची एक उतरंड मांडली. वर अपुरा आहार आणि आजार, त्याखाली घरातलं अन्न, आईची स्थिती, पाणी, दवाखाना, आणि सगळ्यात तळाशी सत्ता आणि साधनं कोणाच्या हातात आहेत हा प्रश्न. डॉक्टर बहुधा वरच्या पायरीवर उभे असतात. गोळी तिथूनच देता येते.

पण शरीर तळापर्यंतचा हिशेब ठेवतं, आणि इथे पुण्याचा संबंध येतो. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांच्या साडेतीन किलोंपुढे अगदी चिमुकली. पण कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. आईच्या पोटात उपासाची सवय झालेलं हे शरीर पुढे पोटभर खायला मिळालं की मधुमेहाकडे झुकतं. मॉस्बी आणि ट्रेसी गॅलोवे यांनी २०१७ मध्ये निवासी शाळांबद्दल याच धर्तीवर मांडणी केली: तिथली उपासमार मुलांची वाढ खुंटवून गेली, आणि आजच्या आदिवासींमधल्या लठ्ठपणा व मधुमेहाचं मूळ शोधायचं तर तिथे पाहावं लागेल. 'यांच्या रक्तातच मधुमेह आहे' असं इथले लोक सहज बोलून जातात. रक्तात काय उतरतं, हे मात्र कोणी घातलं त्यावर अवलंबून असतं.

आज हे संपलं आहे का? कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या, मुख्यतः इन्युइट वस्तीच्या नुनावुट प्रदेशात २०१७-१८ साली ५७ टक्के घरांना पुरेसं अन्न परवडत नव्हतं. देशाचा आकडा १२.७ टक्के. पंचवीस वस्त्या, दक्षिणेशी जोडणारा एकही रस्ता नाही, ताजी भाजी विमानाने येते. वाहतुकीला अनुदान आहे, पण ते दुकानदारामार्फत झिरपतं. व्हेलच्या कातडीत भरपूर क जीवनसत्त्व असतं, सील आणि कॅरिबूचं मांस बाजारातल्या कुठल्याही डबाबंद जेवणापेक्षा सरस. मग तिथले लोक तेच का खात नाहीत? शिकारीला स्नोमोबाइल लागते, पेट्रोल लागतं, आणि त्यासाठी पैसा मिळवून देणारा सीलच्या कातड्यांचा बाजार युरोपच्या बंदीने १९८३ मध्ये कोसळला. चार दशकांपूर्वी युरोपात घेतलेल्या निर्णयाने नुनावुटमधल्या मुलाच्या ताटातलं मांस कमी झालं, हे कुठल्याच वजनकाट्यावर दिसत नाही.

पुन्हा नॉर्वे हाऊस आणि क्रॉस लेक. गोळ्या वाटल्या त्याच वस्त्या. १९७० च्या दशकात मॅनिटोबाच्या वीजमंडळाने क्रॉस लेकच्या वरच्या अंगाला जेनपेग इथे नेल्सन नदी अडवली. हिवाळ्यात दक्षिणेला वीज जास्त लागते, म्हणून पाणी हिवाळ्यात सोडायचं आणि उन्हाळ्यात धरून ठेवायचं, असा नदीचा क्रमच उलटला. भर उन्हाळ्यात तळ्याचा काठ उघडा पडू लागला, मासेमारी खालावली. १९७७ मध्ये पाच वस्त्यांशी पूरकरार झाला, त्यात या दोन्ही होत्या. उन्हाळ्यातली पातळी जरा सावरायला क्रॉस लेकमध्ये बंधारा बांधला तो १९९१ मध्ये, म्हणजे करारानंतर चौदा वर्षांनी. विनिपेगमधल्या माझ्या स्वयंपाकघरात दूध ज्या फ्रिजमध्ये ठेवलं आहे, तो याच नदीवर चालतो.