तारेतली कुरबूर

अहिल्यानगर हे नाव सरकारी दप्तरी रुजू झाले असले, तरी ज्यांच्या तोंडी अद्याप ‘नगर’च आहे, अशा येथील माणसाला वाहननगर म्हटले की लष्करी गाड्या आणि त्यांचे धावमार्ग आठवतात, परंतु फाळणीच्या सुमारास रावळपिंडीनजीकच्या चकलाल्याहून येथे आलेल्या आणि आज ‘डीआरडीओ’च्या अखत्यारीत असलेल्या या वाहन संशोधन संस्थेकडे, 2005 साली केंद्राने मंजूर केलेल्या ‘नॅट्रिप’ योजनेत, धावमार्ग आणि प्रकाशमिती यांच्या जोडीला विद्युतचुंबकीय सुसंगतीचेही काम आले. या कामात एक परीक्षा अशी असते, की तिच्यात चाक फिरत नाही आणि धूळही उडत नाही.

परीक्षेचे कारण प्रवरेच्या पाटावरचा शेतकरी चटकन ओळखील. ज्या पाटाचे पाणी घ्यावे त्यातच म्हशी धुवाव्यात, तसे आजचे उपकरण करते: विजेचा प्रवाह सेकंदाला लाखो वेळा तोडून-जोडून ते आपले काम साधते आणि त्या तोडजोडीचा गाळ त्याच तारेने परत सोडते. 198 किलोहर्ट्झच्या गतीने उघडझाप करणाऱ्या मंडलाची चौथी पट नेमकी 792 किलोहर्ट्झ, म्हणजे पुणे आकाशवाणीच्या मध्यम लहरीवर येऊन बसते. मग बातम्यांच्या जागी शीळ ऐकू येते.

ही कुरबूर मोजण्याचा बंदोबस्त मोठा काटेकोर असतो. बाहेरच्या लहरी अडवणाऱ्या धातूच्या खोलीत, तांब्याचा पत्रा मढवलेल्या मेजावर, वाहनाचा सुटा भाग 50 मिलिमीटर उंचीच्या विद्युतरोधक आधारावर ठेवतात आणि 200 मिलिमीटरच्या आखूड तारांनी तो ‘लिस्न’ नावाच्या पेटीला जोडतात. ही पेटी बॅटरीचा प्रवाह निर्वेध जाऊ देते, पुरवठ्याकडची घाण अलीकडे येऊ देत नाही आणि उपकरणाची कुरबूर तेवढी 50 ओहमच्या ठरीव रोधावर मापकाच्या हवाली करते. प्रथम उपकरण बंद ठेवूनच मोजणी होते, कारण खोलीचा दोष आरोपीच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. मग 150 किलोहर्ट्झपासून 108 मेगाहर्ट्झपर्यंत मापक सरकू लागतो, आणि पडद्यावर प्रत्येकाची कैफियत उमटते: वायपरच्या मोटारीतील ब्रशांच्या ठिणग्यांनी सबंध पट्टा गवतासारखा उंचावतो, तर उघडझाप करणाऱ्या मंडलाचे सुळके समान अंतरावर कुंपणाच्या खुंटांसारखे उभे राहतात. 60 डेसिबेल-मायक्रोव्होल्टची रेघ म्हणजे अवघा एक मिलिव्होल्ट. बारा व्होल्टांच्या गाडीत एवढ्याशा कुरबुरीवरूनही दाखला अडू शकतो.

या मर्यादांचा विचार 1934 साली स्थापन झालेल्या ‘सिस्पर’ या आंतरराष्ट्रीय समितीने रेडिओच्या रक्षणासाठी आरंभिला. लष्करी मानकाची मोजणी तर 10 किलोहर्ट्झपासूनच सुरू होते. नापास झालेल्या उपकरणाला धारित्र आणि फेराइटवरील वेटोळे यांची गाळणी बसवतात, पण खरा कसबी अभियंता मंडलाचा आराखडा आखतानाच गाळ कमी करतो, कारण मागाहून लावलेल्या गाळणीला जागाही लागते आणि पैसाही.

तेव्हा घरातला मिक्सर सुरू होताच रेडिओ खरखरू लागला, तर आकाशवाणीला बोल लावण्यापूर्वी वाचकाने आपल्याच भिंतीतल्या तारेकडे एकवार पाहावे.