साडेतीन गुंठ्यांतलं मैदान

एप्रिलमधली दुपार होती. नळदुर्गमधल्या एका घराच्या परसात मी उकिडवा बसलो होतो आणि माझा हात मनगटापर्यंत जमिनीत गेला होता. कुणी खड्डा खणला नव्हता, भेग होती ती. काळ्या मातीची उन्हाळ्यात पडते तशी, वरून दोन बोटं रुंद आणि खाली किती खोल ते न कळणारी. तिच्यावर अंथरलेली लॉनची चटई भेगेच्या रेषेवर फाटून दोन्हीकडे दुमडली होती.

घर एका निवृत्त शिक्षकांचं. गल्लीत सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, मीही म्हणतो. आदल्या पावसाळ्यात त्यांनी एका नर्सरीकडून चटई आणून काळ्या मातीवर थेट पसरून घेतली होती. पन्नास-पंचावन्न हजार रुपये गेले. दिवाळीपर्यंत परस हिरवागार होता. मार्चमध्ये भेगा पडल्या आणि खेळता खेळता नातवाचा पाय एका भेगेत अडकून घोटा मुरगळला. त्या दिवशी संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. "फुटबॉलचं मैदान करायला किती खर्च येतो, तेवढं सांगा."

सोलापूर-धाराशिव पट्ट्यात मी शाळांची, तालमींची आणि हल्ली घरांमागची छोटी मैदानं करून देतो. हा प्रश्न मला महिन्यातून चार वेळा तरी विचारला जातो आणि फोनवर मी त्याचं उत्तर कधीच देत नाही. मैदान म्हणजे गवत, असं विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतं. मला मात्र आधी गवताखालची जमीन बघावी लागते.

पुरं मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असतं, म्हणजे पावणेदोन एकर. गुरुजींचा परस साडेतीन गुंठ्यांचा. त्यातून आंब्याचं झाड, कढीपत्ता, तुळस आणि हौद वगळून 22 बाय 12 मीटरचा तुकडा मिळाला. पाच-पाच मुलांचा खेळ त्यात छान बसतो. आंबा मधे येत होता, तो तोडायचा का असं घरातल्या धाकट्यांनी विचारलं. गुरुजींनी नकारार्थी मान हलवली आणि मी आखणी चार फूट सरकवली. सावली असलेल्या मैदानावर मुलं तासभर जास्त खेळतात, हे मी बघितलेलं आहे.

गुरुजींनी त्याआधी मोठ्या शहरातल्या कुणाकडून कृत्रिम गवताचा अंदाजही मागवला होता. खालचा पाया, गालिचा, त्यात भरायची सिलिका वाळू आणि रबराचे दाणे, जाळीचा पिंजरा, दिवे असं सगळं मिळून 9 लाखांच्या वर जात होतं. गालिचा आठ-दहा वर्षांनी बदलावा लागतो. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या त्या गालिच्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. शहरात रात्री दिव्यांच्या उजेडात तासावर भाड्याने द्यायचं असेल तर तो हिशोब जुळतो. नातवंडांसाठी आणि गल्लीतल्या पोरांसाठी नाही. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

काम मे महिन्यात धरलं. जेसीबीने फूटभर काळी माती काढली, जमिनीतली 28 ब्रास. ही माती टाकायची कुठे, हा अशा कामात मोठा खर्च असतो. इथे तो शून्यावर आला. गावाबाहेर मुरमाड शेत असलेला एक शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्रॅक्टर घेऊन दारात उभा. "गुरुजी, ही माती मला द्या, वाहून मी नेतो." मैदानाला नकोशी असलेली माती त्याच्या शेताला सोन्यासारखी होती. तीन दिवस त्याच्या खेपा चालल्या.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. वर काहीही घाला, खालून ती हलत राहणार. म्हणून खड्ड्याच्या तळाला चुना मिसळून रोलर फिरवला. त्याने मातीची फुगण्याची खोड बरीच कमी होते. वर आठ इंच मुरूम, पाणी मारत, थराथराने दाबलेला. दाबून बसतो म्हणून हिशोबापेक्षा जास्त आणावा लागतो, 24 ब्रास लागला. मुरूम रॉयल्टीच्या पावतीचाच घ्यावा. बिनपावतीचा स्वस्त पडतो, पण रस्त्यात गाडी अडवली गेली की काम आठवडाभर लटकतं आणि दंड वेगळा.

खरा पेच पाण्याचा होता. माझ्याबरोबर काम करणारे मुकादम मामा नळदुर्गचेच. चर आखताना ते मला म्हणाले, "आमच्या किल्ल्यात जाऊन बगा एकदा. पाणी आडवलंय, पण कोंडलं न्हाई." संध्याकाळी आम्ही खरोखरच गेलो. बोरी नदीला आडवा बांध, त्याच्या पोटात पाणी महाल. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, 1613 साली बांधलेला. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या दोन वाटांनी पाणी खाली कोसळतं आणि आत उभा असलेला माणूस कोरडा राहतो. मे महिन्यात तिथे पाणी नव्हतं, त्यामुळे दगडातले उतार उघडे दिसत होते. मामा बोटाने एकेक उतार दाखवत होते. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी पाण्याची वाट आधी ठरवली आणि भिंत नंतर घातली, असं त्यांचं म्हणणं. तसा पुरावा माझ्याकडे नाही, पण ते उतार बघितल्यावर मला ते पटलं.

आम्ही मैदान मधोमध अडीच इंच उंच ठेवलं आणि दोन्ही बाजूंना उतार दिला. कडेने चर, त्यात खडी आणि छिद्रांचा पाईप, पाईपचं तोंड रस्त्याकडच्या नाल्यात. तरीही पहिल्या मोठ्या पावसात उत्तरेकडच्या गोलपुढे घोटाभर पाणी साचलं. छत्री घेऊन आम्ही तिथे उभे होतो. गुरुजींच्या सूनबाईंनीच सांगितलं की नाल्यात पाईपमधून धारच पडत नाहीये. मी लेव्हल पुन्हा घेतली. पाईपचं तोंड आतल्या टोकापेक्षा बोटभर वर राहिलं होतं. चूक माझी होती. बारा मीटर चर पुन्हा उकरून, पाईप बसवून मी ते माझ्या खर्चाने दुरुस्त केलं. तेव्हापासून कुठल्याही कामात चर बुजवण्याआधी मी चार बादल्या पाणी ओतून बघतो.

आता गवताचं सांगतो. मुरमावर चार इंच थर पसरला, चाळलेली माती, धुतलेली क्रश सँड आणि कुजलेलं शेणखत यांचा. त्यावर लावायला कोणतं गवत आणणार, असं गुरुजींनी विचारलं. मी म्हणालो, "हराळी."

कामावरच्या मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आमी जलमभर हीच खुरपून काढली. आन् आता लावायची?"

त्यांचा धक्का खरा होता. शेतात हराळी घुसली की पीक खाते, नांगराने तुटली की प्रत्येक कांडीतून नवी उगवते. तिला हटवण्यात शेतकऱ्यांच्या पिढ्या गेल्या. पण जगभरातल्या उष्ण प्रदेशांत फुटबॉलची मैदानं ज्या बर्म्युडा गवतावर उभी आहेत, ते म्हणजे आपली हराळी. गणपतीला वाहतो ती दूर्वाही तीच. मोठ्या स्टेडियमवर तिच्याच कुळातल्या निवडून वाढवलेल्या जाती असतात. जमिनीवर आणि जमिनीखाली दोन्हीकडे धावणारं तिचं जाळं, म्हणजे शेतकऱ्याची जी डोकेदुखी, तीच मैदानाची ताकद. बुटाने खरवडलं गेलं की ती कडेने येऊन जखम भरते.

मावशींनीच एका बांधावरून पोतंभर हराळी उपटून आणली. तिच्या बोट-दीड बोट लांबीच्या कांड्या केल्या आणि जून संपता संपता सहा बायकांनी दोन दिवसांत त्या वीतभर अंतरावर खोवून टाकल्या. गवताची किंमत शून्य, लागवडीची मजुरी 4,200 रुपये. सप्टेंबरअखेर जमीन दिसेनाशी झाली. तोवर मुलांना आत सोडायचं नाही, ही अट गुरुजींनी पाळली आणि त्यासाठी त्यांना घरात रोज भांडण सोसावं लागलं.

गोलपोस्ट तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. ते हायवेवरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात जीआय पाईपचे करून घेतले. इथे मी कुणाचंही ऐकत नाही. उचलून ठेवायचा गोल करा, लग्नकार्यात जागा मोकळी होईल, असं घरचे म्हणाले. मी नकार दिला. मुलं आडव्या पाईपला लोंबकळतात, सुटा गोल पुढे कलंडतो आणि डोक्यावर येतो. जगभर अशाने मुलं दगावलेली आहेत. दोन फूट काँक्रीटमध्ये बाहेरचा पाईप गाडला आणि खांब त्यात उतरवून बोल्टने कसला. रेघांसाठीही चुन्याची फक्की वापरू दिली नाही. चुना डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो. आम्ही संगमरवराची भुकटी मारतो.

जाळीचे पैसे ऐकून लोक दचकतात. शेजारच्या घरावर पत्रे आहेत. चेंडू रोज पत्र्यावर पडला तर महिन्याभरात शेजारधर्म संपतो. म्हणून दोन बाजूंना वीस फूट उंच नायलॉनची जाळी आणि तिला खांब.

माझ्या वहीतला त्या वेळच्या दरांचा हिशोब इथे देतो. जेसीबी 12,000. मुरूम, रॉयल्टी आणि वाहतुकीसह 38,400. वरचा थर 24,000. रोलर 6,000. चर, खडी, पाईप 19,000. दोन गोल 22,000. जाळी आणि खांब 58,000. मजुरी आणि माझी देखरेख 46,000. एकूण 2,25,400. यातला एक लाखाच्या आसपासचा खर्च कुणालाही डोळ्यांनी दिसत नाही, तो मातीखाली आहे. आणि गुरुजींची आधी गेलेली रक्कम याच्या पावपट होती.

बांधण्याचा खर्च इथे संपतो, सांभाळण्याचा सुरू होतो. उन्हाळ्यात एवढ्या तुकड्याला हिरवं ठेवायचं तर रोज हजार लिटर पाणी हवं, म्हणजे पाच हजार लिटरचा टँकर पाच दिवसांत संपतो. 2016 साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तशा मुलखात गवतावर टँकर रिकामा करणं मला पटत नाही आणि गुरुजींनाही पटलं नाही. मार्चपासून त्यांनी पाणी बंद केलं. हराळी पिवळी पडली, वाळली, पण खालची मुळं जिवंत होती. मुलं वाळल्या गवतावर खेळत राहिली. जूनच्या पावसानंतर ते गवत पुन्हा हिरवं झालं.

काम संपलं त्या संध्याकाळी गुरुजींनी कपाटातून 2017 सालचा एक जुना चेंडू काढला. 15 सप्टेंबर 2017 ला राज्यभरच्या शाळांमधून फुटबॉल खेळवला गेला होता, 17 वर्षांखालील विश्वचषक भारतात होणार होता म्हणून. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्याचे सामने झाले आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तेव्हा गुरुजी नोकरीत होते. त्या दिवशी शाळेच्या मुरमाड पटांगणात पडून मुलांचे गुडघे सोलवटलेले त्यांना आठवत होते. चेंडूची कातडी निघाली होती. त्यांनी तो नातवाला दिला नाही, गल्लीतल्या एका मुलीला दिला. ती रोज जाळीबाहेर उभी राहून काम बघत असे.

तुमच्या परसात मैदान करायचं मनात असेल तर जमीन दाखवायला एप्रिलमध्ये बोलवा. पावसाळ्यात सगळ्या जमिनी सारख्याच दिसतात. भेगा बघितल्याशिवाय मी खर्च सांगत नाही, आणि जो सांगेल त्याला काम देऊ नका.