वाचणारा, लिहिणारा आणि कायम करणारा

एका कागदावर अनेकांनी मिळून काम करावयाचे म्हटले, की कोणी नुसते वाचावे, कोणी लिहावे आणि लिहिलेले कायम कोणी करावे, हा प्रश्न पहिल्या दिवशीच उभा राहतो. संगणकावर मंडळी एकत्र काम करतात तेथे या व्यवस्थेला ‘परवानग्या’ म्हणतात. शब्द परका वाटला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. नांदेड-लातूरकडचा कोणताही शेतकरी ती सातबाऱ्यात दाखवू शकेल.

जमिनीची खरेदी झाली म्हणजे फेरफाराची नोंद तलाठी घेतो. (आपल्याकडील जुनी माणसे त्याला पटवारीच म्हणत, सरकारने 2024 साली ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे भारदस्त नाव दिले.) परंतु केवळ त्याच्या लिहिण्याने नवे नाव सातबाऱ्यावर चढत नाही. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या 150 व्या कलमाप्रमाणे संबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात आणि मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ‘ई-फेरफार’ या संगणकीय पद्धतीत हाच क्रम बसविलेला आहे. तलाठ्याच्या खात्यात नोंद घेण्याची सोय आहे, ती प्रमाणित करण्याची नाही. हा अधिकार पदाला जोडलेला असल्यामुळे बदली होताच जुन्या माणसाचा काढून नव्याला द्यावा लागतो.

याहून मौजेची गोष्ट 2021 मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’ची. शेतात सोयाबीन आहे की तूर, हे शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून लिहितो. म्हणजे सातबाऱ्यातील बारा नंबरात त्याला लिहिता येते. मालकी सांगणाऱ्या सात नंबराला मात्र त्याचा हात पोचत नाही. कागद एक, पण रकान्यागणिक परवानगी निराळी!

आता समजा, एखाद्या व्याख्यानमालेच्या समितीने वर्गणीचा हिशेब गूगल ड्राइव्हवर ठेवला. तेथे दर्शक नुसते पाहतो, टिप्पणीकार शेरा मारतो, आणि संपादक आकडे बदलतो. शिवाय मालकाने मुद्दाम बंद केले नसेल, तर संपादक इतरांनाही आत घेऊ शकतो. हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या सर्व कागदांना लागू होते; म्हणून निमंत्रणपत्रिका आणि हिशेब एकाच फोल्डरात ठेवू नयेत. ‘दुवा असलेला कोणीही’ ही सोय तर चावडीवर कागद चिकटविण्यासारखीच. दुवा ज्याच्या हाती पडेल तो आत येतो.

आमच्या मते सर्वांत वाईट खोड निराळीच आहे. पाच कार्यकर्ते एकाच खात्याचा परवलीचा शब्द वापरतात. काम झटपट होते, हे खरे. परंतु कोणी केव्हा काय बदलले याची जी नोंद गूगल आपोआप ठेवते, तीत मग पाचांच्या ऐवजी एकच नाव दिसते. आणि 5,000 चे 500 कोणी केले असे खजिनदाराने विचारले, तर त्या नावावरून काहीच कळत नाही.