कुलपातील पुस्तके

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातील किती पुस्तके तुम्ही हातात घेऊन पाहिली आहेत? जरा आठवून पाहा.

एके काळी युरोपातील अनेक ग्रंथालयांत पुस्तके लोखंडी साखळीने बांधून ठेवत. पुस्तके दुर्मीळ आणि फार महाग होती, म्हणून ही काळजी. आज साखळ्या गेल्या. पण काही शाळांत पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असते. पुस्तक हरवेल, फाटेल, अशी भीती वाटते. पुस्तक सुरक्षित राहते. पण ते कोणी वाचत नाही.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांना भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात. ते आधी गणित शिकवत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पहिलाच नियम असा : पुस्तके वापरण्यासाठी असतात. पुढचे दोन नियम सांगतात, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. त्यांच्या स्मरणार्थ १२ ऑगस्ट हा दिवस भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

शाळेत हे नियम कसे पाळता येतील? आठवड्यातून एक तास पुस्तके टेबलांवर मांडून ठेवावीत. मुलांनी ती चाळावीत आणि स्वतः निवडावीत. देवघेवीची नोंद मुलांनीच ठेवावी. फाटलेले पान मुलांनीच चिकटवावे. दर शनिवारी एकाने आपल्या आवडत्या पुस्तकाविषयी वर्गात बोलावे. मात्र गोष्टीचा शेवट सांगू नये! मग ते पुस्तक मागायला इतर मुले आपोआप येतील.

तुम्ही म्हणाल, “उर्दू पुस्तके आम्ही वाचू, पण मराठी कठीण वाटते.” घाबरू नका. कागद, कलम, शाई, दौत, जिल्द हे शब्द पाहा. पुस्तकांच्या जगातले हे शब्द मराठीतही आहेत आणि ते तुमच्या ओळखीचे आहेत. आधी चित्रांचे, पातळ पुस्तक घ्या. एखादा शब्द अडला, तर पुढे वाचत राहा. पुष्कळदा पुढचे वाक्यच त्याचा अर्थ सांगते.

उद्या आपल्या शिक्षकांना विचारा, “आम्ही पुस्तके नीट सांभाळू. कपाट उघडाल का?” कुलूप उघडले, की पुढचे काम तुमचे आहे.