दमा अंगावर घेणारा डॉक्टर

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी जण असतोच, ज्याच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात पंप असतो. ट्रेकला निघताना तो हळूच एकदा चाचपून बघतो आणि ओढायची वेळ आलीच, तर सगळ्यांकडे पाठ करतो. माझ्या रूममेटचंही तसंच. परवा ती रोटाहेलरमध्ये कॅप्सूल टाकत होती. मी विचारलं, "कॅप्सूल गिळायची नाही, श्वासातून ओढायची, हे डोकं कुणाचं गं?" तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. शोधायला बसले आणि भेटला रॉजर अल्टूनयन.

हा रॉजर आधी पुस्तकात भेटतो. आर्थर रॅन्समच्या 'स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स' या १९३० सालच्या कादंबरीत शिडाच्या होडीतून भटकणारी भावंडं आहेत, त्यांतला एक रॉजर. रॅन्समने ही भावंडं बेतली ती खऱ्या अल्टूनयन मुलांवरून. खऱ्या रॉजरचा जन्म १९२२ चा, सीरियातला. आजोबा आणि वडील दोघंही अलेप्पोत डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता, नवशिक्यांना उडायला शिकवायचा. मग डॉक्टर झाला. आणि त्याला स्वतःला दमा होता.

१९५६ मध्ये तो इंग्लंडमधल्या बेंगर्स या औषध कंपनीत लागला. तिथे 'खेलिन' या द्रव्यापासून नवी रसायनं बनवली जात होती. खेलिन मिळतं मध्यपूर्वेतल्या एका झाडापासून, आणि ते झाड आपल्या ओव्याच्या कुळातलं! (आजीला सांगू नका, नाहीतर ओव्याची धुरी परत सुरू होईल.) ही रसायनं प्राण्यांवर तपासली जायची. रॉजरला ते पटत नव्हतं. जनावरात मुद्दाम आणलेला अटॅक म्हणजे माणसाचा दमा नव्हे, असं त्याचं म्हणणं.

मग त्याने काय करावं? त्याला गिनीपिगच्या केसांची अ‍ॅलर्जी होती. त्या केसांचा अर्क करून तो स्वतः हुंगायचा, छाती घट्ट होऊ द्यायचा आणि श्वास किती कमी झाला ते यंत्रावर मोजायचा. दुसऱ्या वेळी आधी नवं रसायन घ्यायचा, मग तोच अर्क. असं कित्येक वर्षं, शेकडो वेळा. ज्यांनी रात्री उशाला टेकून बसून एकेक श्वास ओढलाय, त्यांना यातला 'शेकडो' हा शब्द कळेल. आज कुठलीच एथिक्स कमिटी याला हो म्हणणार नाही, आणि तेच बरोबर आहे.

१९६५ मध्ये हाती लागलं सोडियम क्रोमोग्लायकेट, पुढे 'इन्टाल' नावाने आलेलं औषध. ते विचित्र होतं. अटॅक आल्यावर घेतलं तर उपयोग शून्य. आधी घेतलं, तर अटॅकच टळायचा. धूळ किंवा परागकण आत गेले की श्वासनलिकेतल्या मास्ट पेशी फुटतात, हिस्टामिन बाहेर पडतं, नळ्या सुजतात आणि आवळतात. हे औषध त्या पेशींना फुटूच देत नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे दम लागल्यावर धावाधाव करायची नाही, छान वाटत असतानाच औषध घ्यायचं.

पण ते पोटातून नीट शोषलं जात नव्हतं, थेट छातीत पोचवायला हवं होतं. इथे वैमानिक कामाला आला. त्याच्या 'स्पिनहेलर'मध्ये कॅप्सूलला भोकं पडायची, श्वास ओढला की विमानासारखा छोटा पंखा फिरायचा आणि पावडर आत जायची. रोटाहेलरमध्ये पंखा नाही, पण कल्पना तीच: कॅप्सूल, पावडर आणि तुमचा स्वतःचा श्वास.

रॉजर १९८७ मध्ये गेला. इन्टालची जागा पुढे बहुतेक ठिकाणी श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडने घेतली. क्रोमोग्लायकेट आता जास्त दिसतं ते अ‍ॅलर्जीच्या आय ड्रॉप्समध्ये. पण रोज घ्यायचा पंप वेगळा आणि अटॅकमधला वेगळा, हे अनेकांच्या बाबतीत आजही कायम आहे.

हे सगळं रूममेटला सांगितलं. तिच्याकडेही दोन प्रकारच्या कॅप्सूल आहेत. विचारलं, "रोजची रोज घेतेस?"

"बरं वाटत असताना कशाला घेऊ?"

शनिवारची डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय. मीही जाणार आहे सोबत.